लिस्बनचे फादो संग्रहालय : गरिबांच्या गाण्याचे घर

राजेरजवाड्यांच्या तलवारी, मुकुट, पालख्या आणि सिंहासने जतन करणारी संग्रहालये जगात पुष्कळ आहेत. परंतु ज्यांच्यापाशी ना तलवार होती ना मुकुट, ज्यांच्या खोपटात जपून ठेवावी अशी एकही मोलाची वस्तू नव्हती, अशा माणसांनी जगाला काय दिले हे दाखविणारी संग्रहालये विरळाच. खलाशी, सुतार, कोळी, धुणे धुणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांच्यापाशी धन असते ते केवळ कंठाचे. आणि कंठातील स्वर तर माणसाबरोबरच मातीआड होतो. असा मातीआड जाणारा स्वर जपण्यासाठी एका नगरीने उभारलेले घर पाहण्याचा योग आम्हांस पोर्तुगालच्या प्रवासात आला. लिस्बन शहरातील ‘फादो संग्रहालय’ हेच ते घर. त्याचा परिचय आमच्या वाचक-कुटुंबांना करून द्यावा, आणि तेथे मनात आलेले चार विचार त्यांच्यापुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लिस्बन हे नाव आपणांस परके नाही. ज्या संत अंतोनच्या नावाने आपल्याकडे गावोगावी क्रूस व कपेले उभी आहेत, आणि हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याला आपण हाक मारतो, तो संत पादुआचा म्हणून प्रसिद्ध असला तरी जन्माने लिस्बनचा. इ. स. ११९५ मध्ये तो तेथे जन्मला, आणि त्याच्या जन्मस्थानी उभारलेले मंदिर लिस्बनच्या महामंदिराच्या शेजारीच आहे. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहूनच तेजो नदीच्या मुखातून बाहेर पडला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया घालणारे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हेही ४ एप्रिल १५७९ रोजी येथूनच निघाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्यास लागले. तेव्हा ज्या नदीच्या काठावर हे संग्रहालय उभे आहे, त्या नदीशी आपला संबंध जुनाच म्हटला पाहिजे.

आल्फामाच्या गल्ल्यांत

संग्रहालय आहे आल्फामा नावाच्या वस्तीत. लिस्बनची ही अतिशय जुनी वस्ती टेकडीच्या उतारावर वसलेली आहे. इ. स. १७५५ मध्ये सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबरला, सकाळी लोक मिस्सासाठी मंदिरांत जमले असताना जो महाभयंकर भूकंप झाला, त्यात लिस्बनचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. आल्फामा मात्र बरीचशी वाचली. त्यामुळे तेथील गल्ल्या अद्यापही पूर्वीसारख्याच अरुंद आणि नागमोडी आहेत. कोठे चार पायऱ्या चढाव्या, कोठे दहा उतराव्या. वर पाहावे तर समोरासमोरच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. संत अंतोनच्या सणाच्या आदल्या रात्री, १२ जूनला, याच गल्ल्यांत चुलाणे पेटतात, तारल्या मासळी भाजली जाते, आणि अख्खी वस्ती गाण्यात न्हाऊन निघते.

आल्फामा हे नाव मूळ अरबी असून त्याचा अर्थ उष्ण पाण्याचे झरे असा आहे. नदीकाठच्या ज्या चौकात संग्रहालय आहे, त्याचे नावही तेथील जुन्या पाणवठ्यावरूनच पडले आहे. संग्रहालयाची गुलाबी रंगाची इमारत मूळची गाण्यासाठी बांधलेली नव्हे. इ. स. १८६८ मध्ये उभारलेले ते पाणी उपसण्याचे केंद्र होते. वाफेच्या यंत्राने येथील पाणी वरच्या वस्त्यांना चढविले जाई. पुढे ते काम संपले, आणि २५ सप्टेंबर १९९८ रोजी याच वास्तूत फादो संग्रहालयाची स्थापना झाली. जेथून शहराची तहान भागविली जाई तेथे आता शहराचे गाणे साठविलेले आहे, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटला. सांता अपोलोनिया हे रेल्वेचे स्थानक येथून पायी थोड्याच अंतरावर आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते, एवढे प्रवाशाने ध्यानात ठेवावे.

फादो म्हणजे काय?

वाचक विचारतील की हा फादो आहे तरी काय. फादो हे लिस्बनच्या गोरगरीब वस्त्यांत जन्मलेले गाणे. एक गायक अथवा गायिका, तिच्यामागे एक बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि एक साधी गिटार, एवढाच त्याचा संसार. गाणे सुरू होण्यापूर्वी दिवे मंद होतात. लोक हातातील घास हातातच ठेवून स्तब्ध बसतात, कारण फादो चालू असताना बोलणे हा अपमान समजला जातो. गायिका खांद्यावर काळी शाल घेते, डोळे मिटते, मान किंचित मागे झुकविते आणि गाऊ लागते. दर्यावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे, आईची आठवण, दारिद्र्य, मोडलेले प्रेम, सोडून आलेला गाव, हे त्या गाण्याचे विषय. या साऱ्या भावनेला पोर्तुगीज लोक ‘सौदाद’ म्हणतात. आपल्या भाषेत तिला एक शब्द सापडणे कठीण. हुरहूर, विरह आणि गोड आठवण ही तिन्ही एकत्र कालवली तर सौदाद तयार होईल. परंतु ज्यांच्या घरचा कोणी तारवटी होऊन जहाजावर गेला आहे, अथवा आखाती देशांत नोकरीला आहे, आणि ज्यांच्या घरी नाताळच्या रात्री एक पान रिकामे राहते, त्यांना तिचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या गाण्याची निश्चित उत्पत्ती कोणती याविषयी पंडितांत मतभेद आहेत. फादो नावाचे एक नृत्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्राझील देशात प्रचलित होते, हे मात्र अनेकांनी नमूद केले आहे. नेपोलियनच्या स्वारीमुळे पोर्तुगालचा राजा दरबारासह ब्राझीलला गेला होता. तो १८२१ मध्ये परतला. त्या काळात दोन्ही देशांतील बंदरांमधून जहाजांबरोबर माणसे, चाली आणि ठेकेही ये-जा करीत होते. लिस्बनच्या बंदरालगतच्या खानावळींत व मद्यालयांत या सर्वांचे मिश्रण होऊन आजचा फादो घडला. जुन्या फादोचा एक विशेष असा की चाल ठरलेली असते आणि शब्द बदलतात. एकाच चालीवर निरनिराळे गायक आपापल्या पसंतीची कडवी गातात. जात्यावरच्या ओवीची ज्यांना ओळख आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. चाल आजीची, शब्द नातीचे, असा व्यवहार आपल्याकडेही होताच.

संग्रहालयाच्या आत

दारातून आत शिरताच दर्शन घडते ते चेहऱ्यांचे. शेकडो गायक, वादक, कवी व गिटार घडविणारे कारागीर यांची छायाचित्रे भिंतीवर दाटीवाटीने लावलेली आहेत. त्यांत एखाद्या राणीसारखी शाल पांघरलेली गायिका आहे आणि शर्टाच्या बाह्या दुमडलेला कामगारही आहे. प्रवाशाला कानाशी धरावयाचे एक यंत्र मिळते, त्यातून त्या त्या व्यक्तीचा आवाज ऐकता येतो. आम्ही एकामागून एक आवाज ऐकत पुढे सरकत होतो. कित्येक गायक कधीच निवर्तले. परंतु त्यांचा श्वास, कंठातील कंप, शब्दांवरील त्यांचा विशिष्ट आघात अजून तेथे आहे. ध्वनिमुद्रणाची कला बाल्यावस्थेत असताना, ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन येण्यापूर्वी, कर्ण्यात तोंड घालून गायिलेल्या तबकड्याही संग्रहालयाने मिळविल्या आणि त्यांतील आवाज आता सर्वांसाठी खुले केले आहेत.

पहिली महत्त्वाची कथा येते ती मारिया सेव्हेरा हिची. हिचा जन्म १८२० चा. तिची आई मद्यालय चालवीत असे. मौरारिया नावाच्या वस्तीत राहणारी ही मुलगी गिटार वाजवी, गाई, आणि दुर्दैवाने देहविक्रयाच्या गर्तेतही ती पडली होती. व्हिमियोझोचा काउंट हा सरदार तिच्या प्रेमात पडला, त्यामुळे तिचे नाव उंच माड्यांपर्यंत पोहोचले. परंतु ३० नोव्हेंबर १८४६ रोजी क्षयाने तिला मृत्यू आला, तेव्हा ती अवघी सव्वीस वर्षांची होती. तिला सार्वजनिक खड्ड्यात पुरण्यात आले. नावाचा दगडही तिच्या वाट्याला आला नाही. पुढे १९०१ मध्ये तिच्यावर कादंबरी व नाटक झाले, आणि १९३१ मध्ये पोर्तुगालचा पहिला बोलपट निघाला तोही तिच्याच जीवनावर. फादो गायिका काळी शाल घेतात ती सेव्हेराच्या सुतकाची, असे लोक सांगतात.

एका धार्मिक नियतकालिकात अशा स्त्रीची कथा का सांगावी, असे कोणास वाटेल. आम्हांस मात्र शिमोन परुश्याच्या घरी प्रभूचे चरण अश्रूंनी धुणाऱ्या स्त्रीची आठवण झाली. यजमानाने तिच्यात केवळ पाप पाहिले; प्रभूने तिचे अश्रू पाहिले. पापाचे समर्थन करणे वेगळे आणि पापात सापडलेल्या माणसाचे रडणे ऐकणे वेगळे. पहिल्याची आपणांस मनाई आहे, दुसरे तर आपले कर्तव्य आहे.

हाच विचार पुढच्या चित्रापाशी अधिक गडद होतो. जोझे माल्योआ या चित्रकाराने १९१० मध्ये रंगविलेले ‘फादो’ हे मोठे तैलचित्र या संग्रहालयाचे भूषण आहे. मौरारियातील एका दरिद्री खोलीत आमान्सिओ नावाचा मनुष्य गिटार वाजवीत गात आहे, आणि आदेलायद नावाची स्त्री मेजाला टेकून ऐकत आहे. दोघेही त्या वस्तीतील खरीखुरी माणसे. आमान्सिओ वारंवार तुरुंगात जाई, आणि चित्र पुरे व्हावे म्हणून चित्रकाराला पोलिसांपाशी रदबदली करून त्याला सोडवून आणावे लागे, अशी हकीकत आहे. हे चित्र त्याच वर्षी ब्वेनोस आयरेसच्या प्रदर्शनात सुवर्णपदकास पात्र ठरले. लिस्बनच्या लोकांपुढे मात्र ते १९१७ मध्ये आले. घरची माणसे घरच्यांना उशिरा दिसतात, हा अनुभव सार्वत्रिकच आहे.

येथून पुढे पाहण्यासारखी वस्तू म्हणजे एक लहानसे लाकडी घर. आल्फ्रेदो दुआर्त हा १८९१ मध्ये जन्मलेला गायक व्यवसायाने सुतार होता. दिवसा लाकूड तासावे आणि रात्री गावे, असा त्याचा क्रम. म्हणूनच तो आयुष्यभर ‘मार्सेनेरो’, म्हणजे लाकडी सामान घडविणारा, याच नावाने ओळखला गेला. त्याच्या एका आवडत्या फादोत मारिकिन्यास नावाच्या स्त्रीच्या घराचे वर्णन आहे. त्या घराची प्रतिकृती त्याने आपल्या हातांनी घडविली. तीच येथे मांडलेली आहे. ज्या हातांनी रंधा धरला त्यांनीच गाण्याला देह दिला! नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूच्या अनुयायांना या लहानग्या घरापुढे क्षणभर थांबावेसे वाटल्यास आश्चर्य नाही. मार्सेनेरो १९८२ मध्ये निवर्तला.

गिटारींचे दालन तर कारागिरांनी मुद्दाम पाहावे. पोर्तुगीज गिटारीचे पोट नासपतीच्या फळासारखे गोलसर असते. तिला दोन-दोन तारांच्या सहा जोड्या, म्हणजे एकंदर बारा तारा असतात. तारा ताणण्याचे पेच डोक्यापाशी पंख्यासारखे मांडलेले असतात, आणि वादन नखांनी होते. लिस्बनच्या गिटारीचे टोक शंखासारखे वळलेले, तर कोइम्ब्रा या विद्यापीठाच्या गावच्या गिटारीचे टोक अश्रूच्या थेंबासारखे. आवाज टोकदार, किंचित थरथरणारा. गायिकेने ओळ सोडली की गिटार ती उचलते आणि जणू तिची समजूत काढते. संग्रहालयातच गिटार व गायन शिकविण्याची सोय आहे. म्हणजे हे केवळ जुन्या वस्तूंचे कोठार नसून शाळाही आहे.

गाण्यावर पहारा

फादोचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. सुरुवातीस सभ्य समाजाने त्याला हलके लेखले. विसाव्या शतकाच्या आरंभी कामगारांनी त्याच्यात आपली गाऱ्हाणी ओतली. एखाद्या घरात आजारपण वा मृत्यू आला की गायक एकत्र जमून त्या कुटुंबासाठी विनामूल्य गात आणि पैसे उभे करीत. नंतर १९२६ मध्ये लष्करी राजवट आली. १९२७ च्या एका हुकुमाने असे ठरले की परवान्याशिवाय व्यावसायिक गायकाने गाऊ नये आणि गाण्याचे शब्द आधी सरकारी तपासनिसाला दाखवावेत. त्या काळची ओळखपत्रे आणि शिक्के मारलेले गाण्यांचे कागद संग्रहालयात आहेत. पूर्वी गायक ऐन वेळी सुचेल ते कडवे जोडीत असे. आता ते बंद झाले. गरिबाच्या गाण्याला सरकारी मुद्रा लागली, पण त्याच्या जिभेवर पहाराही बसला.

याच काळात आमालिया रॉड्रिग्स ही थोर गायिका उदयास आली. तिचा जन्म १९२० चा, लिस्बनमधील गरीब कुटुंबातला. आजीने तिला वाढविले. शाळा लवकरच सुटली. कधी भरतकाम, कधी गोदीवर फळे विकणे, अशी तिची मुलगीपणची वर्षे गेली. १९३९ मध्ये ती फादोच्या व्यावसायिक मंचावर उभी राहिली, आणि पुढे तिने हे गल्लीतील गाणे जगभरच्या नाट्यगृहांत पोहोचविले. १९६५ मध्ये तिने महाकवी कामोंइश याच्या कविता फादोत गायिल्या. हा तोच कवी, जो सोळाव्या शतकात शिपाई म्हणून आपल्या गोव्यात येऊन राहिला होता. एवढ्या मोठ्या कवीचे शब्द मद्यालयातील चालीवर गावेत, म्हणून काही विद्वान त्या वेळी रागावले. लोकांनी मात्र ते गाणे स्वीकारले.

२५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही कोसळली. त्यानंतर काही वर्षे फादोला वाईट दिवस आले. जुन्या राजवटीने लोकांना फातिमा, फुटबॉल आणि फादो या तीन गोष्टींत गुंतवून ठेवले, अशी टीका होऊ लागली. फातिमामातेची भक्ती करणाऱ्यांना त्या आरोपातील अन्याय सहज कळेल. सत्ताधारी एखादी पवित्र वा प्रिय गोष्ट आपल्या कामी लावतात, म्हणून ती गोष्ट त्यांची होत नाही. हळूहळू तो राग निवळला. आमालिया ६ ऑक्टोबर १९९९ रोजी निवर्तली तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला. २००१ मध्ये तिच्या अस्थी राष्ट्रीय स्मृतिमंदिरात नेण्यात आल्या, आणि तेथे विसावणारी ती पहिली स्त्री ठरली. त्या मंदिराचा पांढरा घुमट आल्फामाच्या माथ्यावरच दिसतो. सेव्हेराला नावाचा दगड मिळाला नाही. तिच्याच परंपरेतील फळे विकणाऱ्या मुलीला राष्ट्रपुरुषांच्या शेजारी जागा मिळाली. मध्ये गेली दीडशेहून अधिक वर्षे. पुढे २७ नोव्हेंबर २०११ रोजी युनेस्को या जागतिक संस्थेने फादोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत मान दिला.

आपल्या गोमंतकातही या गाण्याचे पडसाद उमटले. जुन्या घरांतून मांडो आणि फादो शेजारी शेजारी नांदले. १९६१ नंतर पोर्तुगीज भाषा मागे पडत गेली तसा फादोही मंदावला. अलीकडे सोनिया शिरसाट या गोमंतकीय गायिकेने त्याला नवा उजाळा दिला असून त्या नव्या पिढीला तो शिकवीतही आहेत. राज्ये येतात आणि जातात. ज्या गाण्याला माणसाचे दुःख कळले ते गाणे मात्र राज्याबरोबर जात नाही.

दैव आणि देव

आता एका प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. फादो हा शब्द लॅटिन भाषेतील ‘फातुम’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ दैव, प्रारब्ध. म्हणजे हे गाणे नावानेच दैवाचे गाणे आहे. आपल्या खेड्यांत सटवाई कपाळी लेख लिहिते असे मानणारे पुष्कळ आहेत. आणि खरे सांगावयाचे तर आपल्या ख्रिस्ती घरांतूनही मूल आजारी पडले, पीक बुडाले, मुलीचे लग्न मोडले की ‘नशिबातच होते’ हे उद्गार जपमाळेच्या खालोखाल सहजपणे तोंडावाटे निघतात. ख्रिस्तसभा तर आपणांस शिकविते की आपले जीवन कोणा आंधळ्या दैवाच्या नव्हे, तर प्रेमळ पित्याच्या हाती आहे. मग दैवाचे गाणे ख्रिस्ती माणसाने ऐकावे काय?

संग्रहालयातील आवाज ऐकताना या प्रश्नाचे उत्तर आम्हांस थोडेफार सापडले. जो मनुष्य खरोखर दैवाला शरण गेला तो गात नाही. तो मुका होतो. गाणे म्हणजे कोणी तरी ऐकत आहे असा विश्वास. फादोतील स्त्री रडते, तक्रार करते, कधी देवाला आणि पवित्र मरियेला जाबही विचारते. परंतु ज्याला जाब विचारावयाचा तो आहे, हे तिने गृहीत धरलेलेच असते. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे हीच वाट चालतात. राखेत बसलेला ईयोब असाच बोलला. गेथशेमनीच्या बागेत स्वतः प्रभूनेही आपले दुःख पित्यापासून लपविले नाही. दुःख गिळून ओठ मिटणे म्हणजे श्रद्धा, असा एक समज आपल्या घरांत, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे. तो समज बायबलात नाही. दुःख प्रभूपुढे मोठ्याने सांगणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे. फरक असेल तर इतकाच की फादो पुष्कळदा रात्रीपाशी थांबतो, आणि ख्रिस्ती श्रद्धा शुक्रवारच्या रात्रीतून रविवारच्या पहाटेकडे जाते. परंतु ज्याने रात्र पाहिलीच नाही, त्याला पहाटेचे मोल काय कळणार?

पेटाऱ्यातील वारसा

संग्रहालय पाहून होताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. हा संग्रह कोणा राजाच्या खजिन्यातून आलेला नाही. गायक, वादक, कवी, गिटार घडविणारे कारागीर आणि त्यांची कुटुंबे यांनी आपापल्या पेटाऱ्यांतून काढून दिलेल्या वस्तूंनीच त्याचा मोठा भाग उभा राहिला. आजोबांची गिटार, आईची शाल, मावशीच्या वहीतील गाणी, जुन्या जलशाची जाहिरात. ज्या घराने ‘जुने सामान’ म्हणून या वस्तू टाकल्या असतील, त्या घराचा आवाज आज तेथे नाही.

आपल्याला याचे उदाहरण लिस्बनपर्यंत जाऊन शोधावयास नको. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तीन आवृत्त्यांपैकी एकाचीही छापील प्रत आज कोठे उपलब्ध नाही. मराठी ख्रिस्ती जगतातील हा महान ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. कोणी तरी दिव्याच्या उजेडात बसून ओवीमागून ओवी लिहून काढली, कोणी तरी ती पोथी फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि कोणी तरी ती पुढच्या पिढीच्या हाती दिली. अशा पोथ्या मिळवूनच १९०७ मध्ये मंगळूर येथे तो ग्रंथ पुन्हा छापला गेला. छापखान्याने जे गमावले ते हातांनी उतरवून घेणाऱ्यांनी राखले!

आणि आज? रोसाच्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस लावताना म्हणावयाच्या जोती किती गावांत पूर्ण येतात? उपासकाळात वाट-मिरवणुकीच्या वेळी गावयाचे मोतेत किती मुलांना पाठ आहेत? वसईकडे उंबराच्या पाण्याला जाताना, किंवा सीमाभागात क्रुसापुढे लदीन म्हणताना ज्या जुन्या चाली वयोवृद्ध माणसे लावीत, त्या शिकणारे कोण आहेत? लग्नात आता मोठमोठे कर्णे लागतात आणि त्यांच्या गजरात आजीचा आवाज ऐकू येत नाही. ती दोन-चार वेळा गाण्याचा प्रयत्न करते, मग हसून गप्प बसते. नंतर एक दिवस तिची अंत्यमिस्सा होते, आणि तिच्याबरोबर तीस-चाळीस गाणी मातीत जातात. त्यांची नोंद ना मृत्युपत्रात ना धर्मग्रामाच्या दप्तरात.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामाने संग्रहालय बांधावे असे आमचे म्हणणे नाही. त्यासाठी पैसा लागेल आणि पैशासाठी सभा भराव्या लागतील. परंतु लिस्बनच्या लोकांनी जे केले त्याचा आरंभ प्रत्येक घराला करता येईल. आपल्या मुलांच्या हाती आज भ्रमणध्वनी आहे, आणि त्यात कर्ण्यातून मुद्रण करणाऱ्यांनी स्वप्नातही पाहिली नसेल अशी सोय आहे. सायंकाळची जपमाळ झाल्यावर अर्धा तास काढावा. आजीला किंवा शेजारच्या वृद्ध काकींना जवळ बसवावे. घाई करू नये. प्रथम त्या नाही म्हणतील, आवाज बसला आहे म्हणतील. त्यांनी एक ओळ म्हटली की दुसरी आपोआप येईल. गाणे मुद्रित करावे, शब्द वहीत उतरवून घ्यावेत, आणि ते कोणाकडून शिकले, कोणत्या प्रसंगी गात, कोणत्या गावचे, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे त्याच पानावर लिहावीत. अशी एक प्रत घरात आणि एक धर्मगुरूंच्या कचेरीत राहिली तर ती सहसा हरवणार नाही. महिला मंडळांनी आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांनी हे काम अंगावर घेतले तर एका उपासकाळात एका गावाचा संग्रह तयार होईल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. केवळ निवडक, सोवळी गाणीच घ्यावीत असा आग्रह धरू नये. त्यात सासरच्या छळाची गाणी येतील, सावकाराची येतील, दर्यात बुडालेल्या होडीची येतील, थट्टेची आणि भांडणाचीही येतील. तीही उतरवून घ्यावीत. लिस्बनच्या तपासनिसांनी शब्दांवर शिक्के मारले. आपण आपल्या आजीच्या शब्दांवर मारू नयेत. तिने जे भोगले ते तिने गायिले, आणि ते सारे परमेश्वराने आधीच ऐकलेले आहे. आता ते ऐकावयाचे राहिले आहे ते आपणच.